सबस्टेशनच्या कुंपणाआड काय चालतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-सोलापूरच्या सीमेवरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका ३३/११ केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) उपकेंद्रात मी बरीच वर्षं यंत्रचालक म्हणून पाळ्या केल्या. यंत्रचालक म्हणजे ऑपरेटर. गावाच्या लेखी मात्र कायम "बोर्डाचा माणूस". २००५ साली वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी बोर्ड काही लोकांच्या तोंडून गेला नाही. कंट्रोल रूममधला फोन दोन कारणांनी वाजायचा. वरच्या केंद्रातून लोड विचारायला आणि गावातून लाईट विचारायला. दुसऱ्या प्रकारच्या फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे घेतले आहेत. आकडे आमच्यासारख्या छोट्या उपकेंद्राचे आहेत. २२० किंवा ४०० केव्हीच्या केंद्रात यंत्रं अवाढव्य असतात, पण डोकं तेच चालतं.

सबस्टेशनमध्ये वीज तयार होते का?

नाही. ती चंद्रपूर, कोराडी, परळी, कोयना अशा ठिकाणी तयार होते. सबस्टेशन ती उतरवून घेतं, वाटतं आणि वेळ आली की तोडतं. या तिसऱ्या कामासाठीच आवारातली निम्म्याहून जास्त यंत्रं उभी असतात, हे रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. वीज नुसती पुढे ढकलायची असती तर एक ट्रान्सफॉर्मर आणि चार तारांत भागलं असतं.

मग आधी व्होल्टेज वाढवायचं आणि गावाजवळ आणून परत कमी करायचं, हा उपद्व्याप कशासाठी?

तारेतून प्रवाह गेला की तार तापते, आणि तापण्यात वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह तिप्पट, तर नासाडी नऊपट. म्हणून तेवढीच वीज कमी प्रवाहात न्यायची, तर व्होल्टेज वाढवावं लागतं.

आमच्याकडे ५ एमव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर होता. त्याच्या पूर्ण लोडला ३३ केव्हीच्या बाजूला साधारण ८७ अँपिअर वाहतात आणि ११ केव्हीच्या बाजूला २६२. हीच वीज सुरुवातीपासून गावातल्या थ्री-फेज ४१५ व्होल्टवर आणायची म्हटली, तर जवळपास ७,००० अँपिअर होतील. त्यासाठी मांडीएवढ्या जाड तारा लागल्या असत्या आणि त्या पेलायला डांबांऐवजी पुलाचे खांब.

म्हणून उतरंड असते. राज्यात ७६५, ४००, २२० आणि १३२ केव्हीच्या मोठ्या लाईनी, त्याखाली ३३, मग ११, आणि शेवटी डीपीवर, म्हणजे गावातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर, ४३३ व्होल्ट. पुणे, ठाणे, कल्याण या भागात ११ च्या जागी २२ केव्ही भेटतं. मुंबईत ११० केव्ही आहे, कारण तिथली विजेची घडी फार आधी बसली. टाटांची खोपोलीची वीज गिरण्यांना १९१५ सालीच मिळू लागली होती. आणि चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची लाईन तर डीसी आहे, अधिक-उणे ५०० केव्हीची, १,५०० मेगावॅटची. एवढ्या लांब पल्ल्याला एसीपेक्षा डीसी परवडते. अर्थात दोन्ही टोकांना एसीची डीसी आणि डीसीची एसी करणारी भलीमोठी केंद्रं बांधावी लागतात.

आत कुठली यंत्रं कुठल्या क्रमानं असतात?

वीज ज्या वाटेनं येते त्या वाटेनं चालू. ३३ केव्हीची लाईन गेटाजवळच्या लोखंडी गॅन्ट्रीवर उतरते. तिथे पहिल्यांदा लायटनिंग अरेस्टर. वीज पडली की तिचा लोंढा हा जमिनीत सोडतो, एरवी गप्प बसतो. पुढे आयसोलेटर, म्हणजे हातानं फिरवून उघडायची पाती. मग सीटी आणि पीटी, हे प्रवाह आणि व्होल्टेज मोजणारे. मग ब्रेकर, म्हणजे चालू प्रवाह तोडणारा मोठा स्विच. मग बसबार, म्हणजे आडव्या ताणलेल्या जाड तारा किंवा नळ्या. बाजारपेठेतल्या मुख्य चौकासारखं त्यांचं काम, सगळे रस्ते तिथे येऊन मिळतात. तिथून ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे हीच रांग ११ केव्हीसाठी पुन्हा, आणि शेवटी गावोगावी जाणारे फिडर. आमचे पाच होते: दोन गावठाणचे, तीन शेतीचे.

ट्रान्सफॉर्मर सतत घूं घूं का करतो? तो बिघडलाय का?

तो बिघडलेला नसतो, जिवंत असल्याचा आवाज असतो तो. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात पातळ पोलादी पत्र्यांचा गाभा असतो. चुंबकत्व बदललं की हे पत्रे केसभर लांबतात आणि आखडतात. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, प्रत्येक आवर्तनात दोनदा ताण येतो, म्हणून आवाज १०० हर्ट्झचा. जुना यंत्रचालक डोळे मिटूनही सांगतो की लोड वाढलाय. आवाजात खडखड किंवा तळल्यासारखी चरचर मिसळली, तर मात्र खुर्ची सोडायची.

सरकारी कागदावर याला रोहित्र म्हणतात. बोलताना कोणी म्हणत नाही. पोटात तांब्याच्या गुंडाळ्या, त्यांच्यावर कागदाचं वेष्टन आणि सगळं हजारो लिटर तेलात बुडवलेलं. तेल दोन कामं करतं: गुंडाळ्यांमधली उष्णता बाजूच्या रेडिएटरकडे नेतं आणि विजेला इकडून तिकडे उडी मारू देत नाही. या तेलाचा वैरी म्हणजे पाणी. थोडासा ओलावाही त्याची रोधकता पाडतो.

त्यामुळे ट्रान्सफॉर्मर श्वास कसा घेतो हे बघण्यासारखं असतं. दिवसा तेल तापून फुगतं आणि वरच्या आडव्या पिंपात चढतं, रात्री आकसतं. आकसताना बाहेरची हवा आत ओढली जाते. ती ज्या बरणीतून जाते तिला ब्रीदर म्हणतात, आणि त्यात सिलिका जेलचे निळे दाणे भरलेले असतात. हवेतला ओलावा ते पितात आणि गुलाबी होतात. पाळीवर आल्यावर आमची पहिली फेरी याच बरणीची असायची. अर्ध्याहून जास्त दाणे गुलाबी दिसले की लॉगबुकात नोंद. पूर्वी ते कढईत घालून चुलीवर परतायचे; परतले की पुन्हा निळे. एकदा नव्या पोरानं विचारलं, "आण्णा, खारे शेंगदाणे का?" बरं झालं, विचारलं तरी.

ट्रान्सफॉर्मरच्या आत बिघाड सुरू झाला तर बाहेर कळणार कसं?

टाकी आणि वरच्या पिंपाला जोडणाऱ्या नळीत एक छोटी लोखंडी डबी बसवलेली असते, तिला बुकोल्झ रिले म्हणतात. माक्स बुकोल्झ नावाच्या जर्मन माणसानं ती १९२१ मध्ये शोधली. आज सगळं संगणकावर आलं तरी तिची जागा कोणी घेतलेली नाही. तत्त्व इतकं साधं आहे की ऐकून हसू येतं. आत कुठे ठिणगी पडू लागली किंवा कागद जळू लागला, की तेलाचा गॅस होतो, बुडबुडे वर चढतात आणि या डबीत साठतात. तेलाची पातळी खाली सरकते, तसा वरचा तरंगता गोळा खाली येतो आणि अलार्म वाजतो. मोठा स्फोटक दोष असेल तर तेलाचा लोंढा उसळतो, खालची झडप ढकलतो आणि दोन्ही बाजूंचे ब्रेकर पडतात, म्हणजे आपोआप उघडून वीज तोडतात.

अलार्म नेहमी खराच असतो असं नाही. तेल भरल्यावर अडकलेली हवासुद्धा वर येते. म्हणून डबीतला गॅस काढून तपासतात. ज्वलनशील निघाला तर आत काहीतरी जळतंय हे नक्की, आणि मग ट्रान्सफॉर्मर उघडेपर्यंत चालू करायचा नाही, वरून कितीही फोन येवोत.

संध्याकाळी दिवे मंद होतात, तेव्हा तुम्हाला तिथून व्होल्टेज वाढवता येत नाही का?

येतं, एका हद्दीपर्यंत. ट्रान्सफॉर्मरच्या ३३ केव्हीच्या गुंडाळीला ठिकठिकाणी फाटे काढलेले असतात, त्यांना टॅप म्हणतात. पॅनलवरचं बटण दाबलं की टॅप चेंजरची मोटर फिरते, खडाक् असा आवाज येतो आणि ११ केव्हीच्या बाजूचं व्होल्टेज सव्वा टक्क्यानं सरकतं. सहसा १७ टॅप असतात. फाटे उच्च दाबाच्या बाजूला काढतात, कारण तिथे प्रवाह कमी आणि चालू लोडवर संपर्क बदलणं सोपं.

पण तुमचा दिवा मंद होण्याचं कारण बऱ्याचदा उपकेंद्राच्या पुढे असतं. फिडर वीस-पंचवीस किलोमीटर पसरलेला, वरून डीपीवर मंजुरीपेक्षा जास्त मोटारी. मी टॅप वाढवला तर शेवटच्या घराला बरं वाटतं आणि उपकेंद्राजवळच्या घरातले बल्ब जळतात. मग तिकडून फोन येतो.

शेतीच्या मोटारींचं आणखी एक दुखणं असतं. त्या कामाच्या विजेबरोबर चुंबकत्वापुरती वीजही ओढतात. ती खर्च होत नाही, पण तारेतून ये-जा करत राहते आणि जागा अडवते. उपकेंद्रातली कपॅसिटर बँक ही गरज जागेवर भागवते. ती बंद केल्यावरही तिच्यात भार उरतो. म्हणून बंद केल्यावर काही मिनिटं थांबल्याशिवाय आणि अर्थ केल्याशिवाय, म्हणजे जमिनीला जोडल्याशिवाय, कोणी तिच्याजवळ जात नाही.

ब्रेकर आणि आयसोलेटर दोन्ही वीज तोडतात, मग दोन कशाला?

उपकेंद्रातला एकच धडा लक्षात ठेवायचा तर हा ठेवा. चालू प्रवाह ब्रेकरच तोडू शकतो. आयसोलेटर नुसती फट दाखवतो.

चालू असलेला प्रवाह उघडायला गेलं की दोन टोकांमध्ये हवा पेटते. या ज्योतीला आर्क म्हणतात. ती काही हजार अंशांची असते आणि तांबं वितळवते. तुम्ही लोडवर आयसोलेटरची पाती उघडलीत तर पाती जितकी लांब जाईल तितकी ज्योत ताणली जाते, विझत नाही. दांडा धरलेला माणूस तिच्याखाली उभा असतो.

ब्रेकर ही ज्योत विझवण्यासाठीच बनवलेला असतो. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो. त्या क्षणी ज्योत आपोआप विझलेली असते, फक्त ती पुन्हा पेटू द्यायची नाही, एवढाच खेळ. ११ आणि ३३ केव्हीला आता बहुतेक व्हॅक्यूम ब्रेकर असतात. चिनी मातीच्या बंद नळीत निर्वात पोकळी आणि तीत सेंटीमीटरभर सरकणारी दोन टोकं. पेटायला हवाच नसते. त्यावरच्या व्होल्टेजना एसएफ-सिक्स नावाचा वायू भरतात. तो हवेपेक्षा पाचपट जड असतो आणि आर्कमधले इलेक्ट्रॉन गिळून टाकतो. कामाला उत्तम, वातावरणाला वाईट: पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २३,५०० पट आहे. त्यामुळे तो हवेत सोडत नाहीत, काढून सिलिंडरमध्ये भरतात.

म्हणून क्रम पाठ असावा लागतो. बंद करताना आधी ब्रेकर, मग आयसोलेटर, मग अर्थ स्विच. चालू करताना बरोबर उलटा. हा क्रम चुकू नये म्हणून कुलपं आणि इंटरलॉक असतात; पण इंटरलॉक नादुरुस्त असण्याचा दिवस आणि घाईचा दिवस हमखास एकच निघतो.

मग आयसोलेटर हवाच कशाला? कारण ब्रेकर बंद आहे हे फक्त एक पाटी सांगते. आयसोलेटर उघडा आहे हे डोळ्यांना दिसतं. लाईनमनला डांबावर चढवायचं तर पाटीवर भरवसा ठेवत नाहीत.

दोष आला हे ब्रेकरला कोण सांगतं?

रिले. ब्रेकर हा पैलवान, त्याला स्वतःला काही कळत नाही. सीटी लाईनमधला मोठा प्रवाह प्रमाणात लहान करून, एक किंवा पाच अँपिअरपर्यंत आणून, रिलेला दाखवते. पीटी व्होल्टेज ११० पर्यंत आणून दाखवते. रिले बघतो, ठरवतो आणि ब्रेकरच्या कॉइलला हुकूम सोडतो.

गंमत आहे ती रिलेच्या सबुरीत. समजा फिडरची सेटिंग २०० अँपिअर आहे. प्रवाह दुप्पट झाला तर नेहमीच्या सेटिंगवर रिले साधारण १ सेकंद वाट बघतो. दहापट झाला तर ०.३ सेकंदात तोडतो. जितका मोठा दोष तितकी घाई. वरच्या केंद्रातल्या रिलेला आणखी थोडा उशीर दिलेला असतो. हेतू असा, की शेंगांच्या शेतातल्या एका तुटक्या तारेसाठी फक्त तो फिडर जावा, तालुका जाऊ नये. कधी एका गावाच्या भानगडीत सगळा तालुका अंधारात गेला, तर समजा की खालचा रिले झोपला आणि वरच्यानं त्याचं काम केलं.

सीटीबद्दल एक कानमंत्र: लाईन चालू असताना तिची दुय्यम बाजू कधीही उघडी सोडायची नाही. उघडी राहिली तर तिच्या टोकांना हजारो व्होल्ट तयार होतात. मीटर काढायला आलेला नवशिक्या इथेच मरतो.

तार तुटून जमिनीवर पडली की वीज आपोआप जातेच ना?

जातेच असं नाही. या पानावरचं हे उत्तर मी दोनदा वाचायला सांगेन.

तार ओल्या काळ्या मातीत पडली तर जमिनीतून भरपूर प्रवाह परत येतो, अर्थ फॉल्टचा रिले तो पकडतो आणि फिडर पडतो. पण तार मुरमावर, खडकावर, डांबरी रस्त्यावर किंवा वाळल्या कडब्यावर पडली, तर जमिनीत जाणारा प्रवाह काही अँपिअरच असतो. रिलेची सेटिंग बऱ्याचदा त्याहून जास्त असते. रिलेच्या नजरेला ती तार म्हणजे एखादी जास्तीची मोटर. मग तार जमिनीवर पडलेली आणि फिडर चालू, असं तासन्‌तास राहू शकतं. आमच्याकडचा माळ मुरमाड. उन्हाळ्यात हे मी स्वतः पॅनलवर पाहिलं आहे: एका फेजचा काटा किंचित हलतोय, बाकी सगळं ठीक. दहा मिनिटांनी एका गुराख्याचा फोन, की ओढ्याच्या कडेला गवत आपोआप पेटलंय. मी त्याच फोनवर त्याला गुरं लांब न्यायला सांगितलं आणि रिलेची वाट न बघता फिडर हातानं बंद केला.

पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, काठीनं सरकवू नका. आधीच जवळ असाल तर लांब ढांगा न टाकता पाय जुळवून छोट्या छोट्या पावलांनी मागे व्हा. तारेपासून जसजसं लांब जावं तसतसं जमिनीतलं व्होल्टेज उतरत जातं. दोन पावलांमध्ये अंतर जास्त, तर दोन पायांमधला फरकही जास्त. जनावरं जास्त का मरतात याचं उत्तरही यातच आहे, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फूट अंतर असतं.

उपकेंद्रात सगळीकडे खडी का पसरलेली असते?

वरच्याच कारणासाठी. दोष आला की हजारो अँपिअर क्षणभर जमिनीत शिरतात आणि आवारातल्या मातीला व्होल्टेज येतं. खडीचा थर पाय आणि माती यांच्यात रोध घालतो. ओली झाली तरी ती मातीपेक्षा कितीतरी जास्त रोध देते. खालच्या मातीत लोखंडी पट्ट्यांची जाळी पुरलेली असते, तिला अर्थ मॅट म्हणतात. यंत्रांचे सांगाडे आणि कुंपण, सगळं तिला जोडलेलं. शिवाय खडीमुळे गवत कमी उगवतं, सांडलेलं तेल पसरून पेटत नाही आणि सापाला सरपटणं जड जातं. शेवटचा फायदा कागदोपत्री आहे, आमच्या सापांनी तो मानला नाही.

लाईट जाते, लगेच येते, पुन्हा जाते. आत बसून खेळ करता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात जास्त शिव्यांसह आलेला. जूनमधली एक रात्र सांगतो.

वळवाचे चार थेंब पडले. धाड असा आवाज झाला आणि तीन नंबरचा फिडर पडला. हूटर सुरू. हूटर बंद केला, रिलेवर पाहिलं: अर्थ फॉल्ट, बी फेज. वेळ लिहिली, ९ वाजून १२. बहुतेक दोष क्षणिक असतात. फांदी टेकून सुटते, वटवाघूळ दोन तारांत सापडून खाली पडतं. म्हणून काही मिनिटं थांबून एकदा चालू करून बघतात. चालू केला. गावात टाळ्या पडल्या असतील. चार सेकंदांत पुन्हा धाड.

आता तिसऱ्यांदा चालू करायचा नाही. प्रत्येक वेळी दोषाचा सगळा प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांना हिसका देतो. तंत्रज्ञाला फोन केला. त्यानं मधल्या डांबावरचा एबी स्विच उघडून फिडरचे दोन तुकडे केले, अर्धा चालू करून पाहिला. टिकला. म्हणजे दोष पलीकडे. पलीकडचे डांब बॅटरी मारत पायी तपासायचे, चिखलातून, ऊसातून. पावणेबाराला सापडलं: एका पिन इन्सुलेटरला बारीक तडा. उन्हाळाभर त्यावर धूळ साचलेली, वर भुरभुर पाऊस. धूळ भिजली की ती वीज वाहून नेते. मुसळधार पाऊस परवडतो, तो इन्सुलेटर धुऊन काढतो. भुरभुर नको. कोकणात धुळीच्या जागी खारी हवा हेच करते आणि पहाटेच्या दवात फिडर पडतात.

गावात अंधार असताना तुमच्या खोलीत दिवा कसा?

बॅटरीवर. मागच्या खोलीत दोन-दोन व्होल्टचे सेल ओळीनं मांडलेले असतात. ११० व्होल्टच्या बँकेत ५५. त्यांचं मुख्य काम दिवा लावणं हे नाही. सगळी वीज गेल्यावरही रिलेला बघता आलं पाहिजे आणि ब्रेकर पडला पाहिजे, म्हणून डीसी. ती गेली तर उपकेंद्र आंधळंही होतं आणि लुळंही. या सेलमध्ये घालायच्या साध्या डिस्टिल्ड वॉटरकडे दुर्लक्ष झाल्यानं जळालेले ट्रान्सफॉर्मर या खात्यात पुष्कळांनी पाहिले आहेत.

तारेवर पक्षी बसतो त्याला काही होत नाही, मग ते का?

त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, व्होल्टेजमध्ये फरक नाही, म्हणून प्रवाह नाही. त्यानंच पंख पसरून शेजारच्या तारेला किंवा लोखंडाला टेकवले की संपला. माकडाचं आणि घोरपडीचं तेच.

दुरुस्ती झाल्याचं वायरमन सांगतोय, तरी तुम्ही चालू करत नाही. का?

कारण त्यानं घेतलेलं परमिट परत आलेलं नसतं. काम करणारा माणूस रजिस्टरमध्ये सही करून किंवा फोनवर नाव आणि वेळ नोंदवून लाईन बंद घेतो. ब्रेकर बंद, आयसोलेटर उघडा, अर्थ लावलेला, हँडलवर "माणसे काम करीत आहेत" ही पाटी. तिकडे तो डिस्चार्ज रॉडनं तार अर्थ करतो, कामाच्या दोन्ही बाजूंना. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत द्यायचं. दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही, साहेबांचंसुद्धा.

एकदा पावसात फोन आला, "आण्णा, झालं, सोडा लाईट." आवाज ओळखीचा, पण परमिट त्याच्या नावावर नव्हतं. ज्याचं होतं त्याला फोनवर द्या म्हटलं, तर तो जवळ नाही म्हणाला. नाही सोडली. अर्ध्या तासानं ज्याचं होतं त्याचा फोन आला. तो पुढच्या शिवारात दुसऱ्या डांबावर होता, जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) बांधत. तो अर्धा तास गावानं मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

तार दोन्ही बाजूंना अर्थ का करायची, हेही ऐका. कोणी घरी जनरेटर किंवा इन्व्हर्टर चेंजओव्हर स्विच न बसवता जोडला असेल, तर त्याची २३० व्होल्टची वीज डीपीत उलटी शिरते आणि डीपी ती इमानदारीनं ११,००० करून लाईनवर चढवते. उपकेंद्रात सगळं बंद, आणि डांबावर मरण.

गावठाणला लाईट आहे, मळ्यात नाही. असा भेदभाव का?

फिडरच वेगळे आहेत म्हणून. घरांचा आणि शेतीचा फिडर वेगळा केल्यावर मोटारींना ठरावीक तास पाळीनं वीज देता येते आणि घरं चालू राहतात. पाळी यंत्रचालक ठरवत नाही, वरून येते.

अलीकडे यात नवी गोष्ट आली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांच्या आसपास सौर प्रकल्प उभे राहतात आणि त्यांची वीज आमच्याच ११ केव्हीच्या बसबारवर येते. मोटारी दिवसा चालवायच्या, हा हेतू. पण श्रावणात, मोटारी बंद आणि ऊन लख्ख पडलं, की ट्रान्सफॉर्मरमधून वीज उलटी वर चढते. जन्मभर खाली उतरणारी वीज पाहिलेल्या माणसाला मीटरवर ते चिन्ह उलटं झालेलं बघून घटकाभर आपलंच डोकं फिरल्यासारखं वाटतं.

एका ठिकाणच्या बिघाडानं अख्खी मुंबई कशी बंद पडते?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास पडली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघे या ४०० केव्हीच्या लाईनचं एक सर्किट दुरुस्तीला बंद होतं, भार दुसऱ्यावर होता, आणि त्यात दोष आला. एक वाट बंद झाली की तिच्यावरची वीज उरलेल्या वाटांवर धावते. त्याही तुडुंब असतील तर त्यांचे रिले त्यांना तोडतात, आणि पत्त्यांचा बंगला कोसळतो. प्रत्येक रिले आपापल्या जागी बरोबर वागलेला असतो, हे यातलं विचित्र. मुंबईला अशा वेळी बाकीच्या जाळ्यापासून अलग करून स्वतःच्या वीजनिर्मितीवर जगवायची योजना जुनी आहे; त्या दिवशी ती तगली नाही.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं जाळं बाकी देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून सगळा भारत एकाच ५० हर्ट्झच्या ठेक्यावर चालतो. ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये तो राखायचा असतो. ठेका फारच मंदावला तर उपकेंद्रातले अंडर फ्रिक्वेन्सी रिले कोणालाही न विचारता काही फिडर तोडतात. त्यात तुमचा असू शकतो.

लाईट गेल्यावर फोन केला तर नेमकं काय सांगावं?

"लाईट गेली" हे पॅनलवर मला आधीच दिसलेलं असतं. एकाच घराची किंवा एकाच डीपीची गेली असेल तर ते मात्र दिसत नाही, ते सांगा. १९१२ या फोन नंबरवर तक्रार नोंदवताना ग्राहक क्रमांक जवळ ठेवा. आणि काही दिसलं किंवा ऐकू आलं असेल तर ते सांगा: कुठल्या बाजूला, कुठल्या डांबावर, किती वाजता.

मला आलेला सगळ्यात कामाचा फोन एका म्हातारीचा होता. म्हणाली, "पोरा, बिरोबाच्या देवळापासनं वड्याकडं जाताना तिसरा डांब. वर निळं निळं फुटतंय आन् तळल्यावानी वाजतंय. बाभळ टेकलीया." मी फिडर बंद केला, तंत्रज्ञाला तोच डांब सांगितला. तो कोयता घेऊन गेला, वीस मिनिटांत फांदी तोडून परमिट परत दिलं. इतर वेळी ती बाभूळ शोधायला रात्र गेली असती.